सोनीनं चढवलेली भिंत

मंगळवार, दिवे लागल्यावर

कॉलेजात गवंडीकाम शिकवतात, पण भिंत कुटं घालू नये ते शिकवत न्हाईत. नात सोनी सुट्टीला आली अन् सराव म्हणून माझ्या अन् शेजारच्या हिराच्या अंगणामधली कमरेएवढी भिंत डोक्याच्या वर चढवली. ओळंबा सोडून म्हणाली, "आजी बघ, केसभर हलली न्हाई." मी पण म्हटलं, लई झाक.

त्याच भिंतीवरून हिरा रोज सकाळी ओरडायची, "म्हातारे, हायेस का गेलीस?" मी म्हणायचे, "तुला पोचवूनच जाईन." मग विरजणाची वाटी तिकडून इकडं यायची. आज हाक न्हाई. मीच तिचं तोंड नको म्हणून भिंत घातली, असं वाटलं असंल तिला. माझे भाडेकरू सगळे हिंजवडीला कामावर, खोल्यांना कुलपं; सोनी दिवसभर मैत्रिणींकडं. दिवसभरात मी बोलले कुणाशी? मांजराशी. दूध तसंच पडलंय, विरजणावाचून.

ओळंबा अजून खिळ्याला लटकतोय. भिंत सरळ, शेजार वाकडा. आता मी जाऊन समजूत काढू? का म्हणून?

सकाळी सोनीनंच रिकामी वाटी घेऊन हिराच्या दारात जायचं. ती जे विचारंल त्याचा जबाब सोनीनं द्यायचा. मी न्हाई.