बांगडी वाढली

३ जून, मंगळवार
बायकोच्या, विजयमालाच्या, एमआरआयमध्ये पिट्युटरी ग्रंथीवर गाठ निघाली. डोळ्यांची नस दाबतेय. डॉक्टर म्हणाले, गाठीचा प्रकार कळू द्या. एका प्रकारात नुसत्या गोळ्या, बाकीच्यांत नाकातून ऑपरेशन. रक्ताचे रिपोर्ट यायला आठवडा. मला काहीच वाटलं नाही. घरी येऊन वरण-भात खाल्ला.
कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो मी. रिपोर्टची वाट कशाला बघायची? प्रकार स्वतः ओळखणार.

४ जून
एक्सेल शीट तयार. वय, डोकेदुखी, थकवा. काल डॉक्टरांनी हातापायांचा साइज बदललाय का, असंही विचारलं होतं. मी लगेच सांगितलं, छे, सगळं तसंच आहे. बायको माझ्याकडे बघत बसली. उगाच.
अंदाज : गोळ्या, ७८ टक्के.

६ जून, सकाळ
बांगडी वाढल्याचं बायकोनं स्वयंपाकघरातून कळवलं. बांगडी फुटली असं आमच्या घरात म्हणायचं नाही. या वर्षी सारख्याच वाढतायत. हल्ली काचच हलकी येते.
दुपारी मधल्या मारुतीजवळच्या कासाराकडे नव्या भरायला नेलं. पूर्वी दोन-चार मापाच्या बसायच्या की हो मला, आता दोन-आठ पण चढेनात, असं म्हणाली. कंपन्यांनी साइज लहान केलेत, हे समजावून सांगितलं. शिवाय शेंगदाण्याची चटणी कमी खा म्हटलं. तिनं दोन-दहाच्या भरून घेतल्या. पटलं असणार.

८ जून, रविवार
पुण्याहून श्रावणीचा फोन. आई कशी आहे? ८४ टक्के, म्हटलं. तिनं परत विचारलं, आई कशी आहे? मुलीला टक्केवारी कळत नाही. शीट व्हॉट्सअ‍ॅप केली.

९ जून
संकल्प : रोज संध्याकाळी तिच्याजवळ अर्धा तास बसायचं. आज जमलं नाही, शीट हँग झाली.
तिचा खांदा दाराला धडकला. बाजूचं दिसत नाही म्हणते. चष्म्याच्या काड्या जाड आहेत, दुसरं काय. ९१ टक्के. मला झोप नीट लागते. म्हणजे मन स्थिर आहे.

११ जून
रिपोर्ट आले. ग्रोथ हार्मोन भरमसाट. वाढीचा प्रकार. गोळ्या नाहीत, ऑपरेशन.
डॉक्टरांनी तिला विचारलं, हातपाय कधीपासून वाढलेत? तीनेक वर्षं झाली की, म्हणाली. चपला बदलल्या, जोडवी कापून काढली, बांगड्या तर रोज वाढतात, यांना सांगतच होते की. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी एसीकडे बघितलं.
जोडव्यांचं मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल.

१६ जून, सोमवार, हॉस्पिटल
सिस्टर म्हणाली, बांगड्या काढा. साबण लावला, तेल लावलं, निघेनात. फोडाव्या लागतील म्हणाली. बायकोनं तिला थांबवलं. फोडायच्या नाहीत, वाढवायच्या म्हणायचं. मग हात माझ्यापुढे केला. तुम्हीच वाढवा म्हणाली.
रुमाल गुंडाळला. एकेक वाढवली. एक काच मला लागली, तिला नाही. तिला आत नेलं.
आता बाहेर बाकावर बसलोय. मला काही वाटत नाही, एवढंच लिहायला वही उघडली होती.
तिचा हात माझ्या हाताएवढा झालाय. कधी झाला, मला माहीत नाही.