भागाबाईची पिकअप तिच्यामागे कोणी चालवायची

मी, भागाबाई भ्र. सुकदेव पाटील, धंदा शेती व घरातल्यांना वळण लावणे, राहणार मौजे हिवरपिंप्री, तालुका पारोळा, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र तोंडाने सांगून लिहवून घेत आहे. माझे वय आधार कार्डावर बहात्तर आहे. ते कार्ड काढणाऱ्या पोराने माझ्या तोंडाकडे बघून ठरवले, आणि कमी सांगितल्यामुळे मी हरकत घेतली नाही. मला लिहिता-वाचता येत नाही. कान चांगले आहेत. लोक हळू बोलतात तेव्हा तर फारच चांगले असतात.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू पाहणारी दोन्ही नातवंडे, कुंदन आणि मेघा, बाहेर ओट्यावर बसवली आहेत व त्यांना चहा दिला आहे. लिहिणारी वकीलबाई चेलना हिला मी सांगितले आहे की मी बोलते ते सगळे लिहायचे, गाळायचे नाही. तिचे म्हणणे, कायद्याला एवढे लागत नाही. मला लागते.

कलम एक. राहते घर व माझ्या नावची शेती माझा मुलगा मगन यास. पोस्टात जे निघेल ते मगन व माझी मुलगी बेबाबाई यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. यावरून दोघे भांडणार नाहीत हे मला ठाऊक आहे, कारण भांडण होईल एवढे तिथे नाही.

कलम दोन. माझ्या पाटल्या सूनबाईला. तिने त्या माझ्या देखत कधी मागितल्या नाहीत, फक्त दर लग्नाला "आई, तुमच्या हाताला जड होत असतील ना" असे विचारले. आता होत आहेत. वांग्याचे भरीत ठेचायची लाकडी बडगीही तिलाच, या अटीवर की भरिताला मिक्सर लावायचा नाही. लावल्यास मला वर कळेल.

कलम तीन. जीवराम, आमचा शेजारी, याने मेघाच्या साखरपुड्याच्या आधी माझी निळी ताडपत्री नेली. ती त्याच्या म्हशीच्या गोठ्यावर आहे, मला ओट्यावरून रोज दिसते. ती मी माझ्यामागे जीवरामला देते. जीवराम साक्षीदार म्हणून इथेच बसला आहे. तो म्हणाला, "वहिनी, काय हे कागदावर! उद्या आणून टाकतो." तर लिहावे की आणून टाकावीच. मी जिवंत आहे तोवर ती माझी आहे, आणि जी वस्तू माझ्या घरी नाही ती मी त्याला देणार कशी?

कलम चार. आता पिकअप. माझ्या घरात तंटा एवढा एकच आहे.

ही गाडी माझ्या नावावर आहे. मेघाचे आजोबा गाडी घ्यायला गेले तेव्हा म्हणाले, मोटारसायकल माझ्या नावावर आहे, बैल माझ्या नावावर होते, आता तू पण कशाची तरी मालकीण हो. मी कागदावर अंगठा दिला आणि तेव्हापासून ड्रायव्हरशेजारची खिडकीची जागा सोडली नाही. या गाडीने आमचा कापूस नेला, कांदा नेला, गावातल्या दोन नवरदेवांची वरात नेली, आणि एकदा बँडवाले भांडून उतरले तेव्हा नुसता त्यांचा ढोल नेला. हौद्याचा पत्रा ठेचकाळला आहे. मागचा फाळका पाडायला खांदा लावावा लागतो.

आखाजीला मात्र तिचे काम वेगळे. लग्न झालेल्या पोरी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी येतात व झोके खेळतात. एका वर्षी बेबाबाई अमळनेरच्या स्टँडवर सकाळपासून उभी राहिली, प्रत्येक एसटी भरून आली, आणि इथे तिचा झोका रिकामा टांगलेला. ती दिवे लागायला पोहोचली ती रागाने लाल. मेघाच्या आजोबांनी पुढच्या आखाजीला पिकअप काढली आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरी त्यांच्या त्यांच्या सासरहून उचलल्या. वाटेत कोणी दुसऱ्या गावची पोर पिशवी घेऊन उभी दिसली तर तिलाही. तेव्हापासून हे चुकलेले नाही. ते गेल्यावर गाडी मेघा चालवते.

इथे चेलना थांबली. म्हणाली, "आजी, मालवाहू गाडीत माणसं बसवणं कायद्यात नाही. हे नका लिहू."

मी म्हटले, लिही, हौद्यात त्यांचे सामान बसते, आणि त्या सामान धरायला बसतात.

कलम पाच. तंटा असा. मेघा शेतात रोपवाटिका चालवते. मिरची, वांगी, टमाट्याच्या रोपांचे ट्रे रोज पिकअपमध्ये भरून गावोगाव देते. कुंदन तिचा मोठा भाऊ. तो जळगावला मेहरूणमध्ये राहतो व विम्याच्या ऑफिसात जातो. ते ऑफिस त्याच्या घरापासून एवढ्यावर आहे की त्याची बायको गच्चीतून हाक मारील. दिवाळीला तो माझ्याजवळ येऊन बसला.

"आजी, जुनी पिकअप एक्स्चेंजला देऊन टाकू. नवीन पिकअप घेऊ. उंच, चार दरवाजे, एसी. रस्त्याने निघाली की लोक बाजूला होतात."

मी विचारले, "तू तिच्यामां भरशी काय?"

"लॅपटॉप."

"आनखी?"

त्याने बराच विचार केला. "डबा," म्हणाला.

मी मेहरूणला त्याच्याकडे राहून आले आहे. सकाळी तलावाकाठी चालायला लोक तसल्याच गाड्यांतून येतात. मागे एवढा मोठा हौदा, त्यात पाण्याची एक बाटली. मला त्या हौद्याचीच दया येते. पण पोराची हौस होती, म्हणून मी तेव्हा नाही म्हटले नाही. मी आखाजीची वाट पाहिली.

या आखाजीला नेमकी आपल्या गाडीची क्लच प्लेट गेली. मेघा रडवेली झाली. कुंदन म्हणाला, "काळजी करू नका, माझ्या मित्राने नवी पिकअप घेतली आहे, तीच आणतो. आजी, आता बघच तू." आणि पांढरा शर्ट घालून पोरी आणायला गेला. जाताना फोनवर सगळ्यांना सांगितले की पाचच सीट आहेत, एक चालवणाऱ्याची, तेव्हा चौघी-चौघी येतील, बाकीच्यांना पुढच्या फेरीला नेतो.

पुढचे शेवंताबाईने सांगितले ते असे. ती जीवरामची थोरली बहीण, माझ्याहून दोनच आखाज्या लहान, आणि दुसरी साक्षीदार तीच आहे. तिच्या सासरच्या फाट्यावर बाया उभ्या होत्या. शेवंताबाईने भावाला द्यायला बकरीचे पिल्लू आणले होते. चौघी गाडीत चढल्या, हिला जागा नाही. हिने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या हौद्यावरच्या काळ्या झाकणावर काठी वाजवली.

"मांगे काय भरेल शे रे भो?"

"काही नाही आत्या, रिकामं आहे."

"रिकामं शे तं कुलूप कसाले?"

"पेंट खराब होतो," कुंदन म्हणाला. बाया एवढ्या हसल्या की बसलेल्या चौघीही खाली उतरल्या, आणि म्हणाल्या, जायचे तर बठ्ठ्या एकत्र जाऊ, नाही तर आम्ही एसटी बघतो.

आपला कुंदन शहाणा आहे, उशिरा आहे एवढेच. त्याने कुलूप काढले. झाकण सोडवून फाट्यावरच्या चहावाल्याकडे ठेवले. शेवंताबाईला स्वतः हात देऊन वर चढवले, मग पिल्लाला, मग एकीच्या पत्र्याच्या पेटीला. थोड्या वेळाने गाडी थांबवून त्याने एसी बंद केला आणि काचा खाली घेतल्या, कारण मागच्या बाया गात होत्या आणि त्याला आत ऐकू येत नव्हते. गावात शिरताना मी ओट्यावरून पाहिले. पांढरा शर्ट मातकट झालेला, हॉर्न वाजवतो आहे, आणि कुंदन दात काढून हसतो आहे, अगदी आजोबांसारखा.

मित्राच्या पेंटवर पेटीची एक रेघ आणि पिल्लाच्या खुराच्या खुणा आहेत. ते कुंदन आणि मित्र बघतील. ती बाब या मृत्युपत्रात येत नाही.

दुसऱ्या दिवशी कुंदन माझ्यापाशी आला. म्हणाला, "आजी, नवी नको. आपली जुनीच मला दे. आखाजीला मीच जात जाईन."

म्हणजे झाले ते असे की एका गाडीला दोघे गिऱ्हाईक. त्यात मेघाचे लग्न मार्गशीर्षात आहे, धुळ्याला. मगनचे म्हणणे, पोरीबरोबर गाडी गेली तर लोक हुंडा दिला म्हणतील, आणि गाडी गेली तर गल्लीच्या पोरींना आखाजीला आणणार कोण? हे त्याने हळू विचारले, म्हणून मला नीट ऐकू आले.

कलम सहा. मी पुष्कळ विचार करून ठरवते ते असे.

पिकअप मेघाला; चालवायला लग्नानंतरही, नावावर माझ्यामागे. तिला ती रोज लागते. लग्न झाले म्हणून मिरचीची रोपे चालत जाणार नाहीत. गाडी मेघाच्या एकटीच्या नावावर राहील. जावईबापूंना चालवायची असल्यास मेघाला विचारावे आणि डिझेल भरून परत करावी. याला कोणी हुंडा म्हणाल्यास त्याने माझ्याकडे यावे, आणि मी गेलेली असल्यास शेवंताबाईकडे जावे. तिची काठी साऱ्यांनी पाहिली आहे.

आखाजीला मेघाने स्वतः गाडी चालवत धुळ्याहून निघावे आणि वाटेतल्या सगळ्या पोरी उचलत माहेरी यावे. आजवर आपल्या गावात पोरीला आणायला कोणी तरी जात होते. आता पोरच सगळ्यांना घेऊन येईल, आणि तिच्यासाठी कोणी स्टँडवर बघत बसणार नाही.

कुंदनला पिकअप मिळणार नाही. त्याची हौस वर्षातल्या एका दिवसाची आहे, आणि ती खरी आहे, हे मी पाहिले. पण एका दिवसासाठी मेहरूणच्या गल्लीत एवढी गाडी उभी ठेवायला नको; लॅपटॉपला मोटारसायकल पुरते. म्हणून कुंदनला मी त्या गाडीवरची क्लीनरची जागा देते. आखाजीच्या आदल्या दिवशी त्याने धुळ्याला बहिणीकडे जावे. फाळका त्याने पाडावा, म्हाताऱ्यांना हात द्यावा, पेट्या वर घ्याव्यात, आणि माझ्यामागे खिडकीशेजारच्या माझ्या जागेवर बसावे. ही जागा दुसऱ्या कोणाला देऊ नये. मी ती आजोबांनाही दिली नव्हती. ते ड्रायव्हरच राहिले.

झाकण आणि कुलूप त्या गाडीला कधीही लावू नये.

कलम सात. माझे शेवटचे नेणे त्याच गाडीतून करावे. खरे तर पुढच्या सीटवरच न्या म्हटले असते, पण चेलना म्हणते तसे जमणार नाही. तर हौद्यात, पण डोके पुढच्या बाजूला. दिवस झाले की गाडी धुवावी आणि रोपे भरावीत. तोंड पाडून फिरवू नये. आखाजी जवळ असली तर सुतक फिटताच पोरी आणायला निघावे, आणि गाणी म्हणायची नाहीत असे कोणी सांगितल्यास त्याला वाटेत उतरवावे.

हे सगळे चेलनाने मला परत मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच आहे, एक-दोन ठिकाणी तिने मला जास्त सभ्य केले आहे, ते असू दे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यापुढे मन बदलले तर तिलाच बोलावीन.

ठिकाण: हिवरपिंप्री, राहते घर
दिनांक: १५ मे २०२५

भागाबाई सुकदेव पाटील
(डाव्या हाताचा अंगठा. शाई उरली ती नातवाच्या पांढऱ्या शर्टाला पुसली.)

साक्षीदार:
१. जीवराम, शेजारी. सही. (ताडपत्री उद्या आणतो.)
२. शेवंताबाई, जीवरामची बहीण. अंगठा. (आजच आणवते.)

लिहिणार: वरील मजकूर भागाबाई यांच्या सांगण्यावरून लिहिला व त्यांना वाचून दाखवला. मी वकिली धुळ्याला करते व माझे माहेर पारोळ्याचे. या मृत्युपत्रात माझा कोणताही हितसंबंध नाही, आखाजीला धुळ्याहून पारोळ्यापर्यंत सामान धरण्याची एक जागा सोडून.
अॅड. चेलना छाजेड. सही.

भागाबाईंच्या आग्रहावरून, कायद्याला गरज नसताना:
कलम सहा वाचले. मान्य आहे. फाळक्याला खांदा कुठून लावायचा ते मेघाने आत्ताच शिकवले.
कुंदन मगन पाटील, क्लीनर. सही.