देवळाच्या पुढचं स्टेशन

पाच-सहा लाटणी एकदम पोळपाटांवर फिरत होती, गुरुजी, तो आवाज मला अजून ऐकू येतो. बदलापूरच्या आपल्या शाळेची सहल अंबरनाथचं जुनं देऊळ बघायला निघालेली, आणि तुम्ही आम्हाला तिथं उतरूच दिलं नाहीत. पुढच्या स्टेशनात, उल्हासनगरला, उतरवलंत आणि ओळख ना पाळख अशा एका सिंधी घरासमोर नेऊन उभं केलंत. बराकीतली खोली, जमिनीवर बसून पापड लाटणाऱ्या बायका. "देवळाची माहिती पुस्तकात आहे. या घराची कुठाय?" तुम्ही म्हणालात. त्यातली म्हातारी उठते, "अचो, वेहो" म्हणत सतरंजी दाखवते आणि काहीएक न विचारता प्रत्येकाच्या हातात भाजलेला पापड आणि पाणी देते. आम्हाला वाटलं, खाऊ मिळाला, आता निघायचं. पापड घेऊन उठलो तर केवढी चिडली! "अरे, ये आने का पापड है, जाने का नहीं! बैठो!" मग दुपार कलेपर्यंत आम्ही तिथंच. दुसऱ्या दिवशी वर्गात तुम्ही टेबलावर डस्टर आपटत, त्याच लाटण्यांच्या ठेक्यात कविता म्हणून घेतलीत.

तुम्ही जाऊनही आता किती वर्षं लोटली. पण पुढं जिथं जिथं गेलो, तिथं किल्ले, धबधबे सोडून मी पिठाच्या गिरणीत नाहीतर कुणाच्या तरी ओसरीवर बसलो. बायको वैतागायची, "अहो, लोक राजवाडा बघतात, तुम्ही काय दळण बघताय?" आणि थोड्या वेळानं तीच त्या घरच्या बाईशी लोणच्यावर बोलत बसलेली असायची. आता ती नाही. मी इथंच बदलापुरात, कात्रपला, सातव्या मजल्यावर, एकटा. मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, पॅकेज टूर करा, सगळे पॉइंट दाखवतात." गुडघे आणखी फार दिवस साथ देणार नाहीत. तेव्हा एकदाच, शेवटचं, कुणी न बोलावता एखाद्या परक्या घरात जाऊन बसावं, एवढंच मनात उरलं होतं.

म्हणून परवा उल्हासनगरला गेलो. बराक असायची तिथं टॉवर आहे. वॉचमन म्हणाला, "किसके यहाँ जाना है, बाबा?" म्हटलं, "किसी के भी. बस, बैठना है." तो हसला नाही, हे वाईट. त्यानं खुर्ची पुढं केली आणि विचारलं, "घर का नंबर याद है? बेटे को फोन लगाऊँ?" मला हरवलेला म्हातारा समजला तो. त्याचं काय चुकलं? रिक्षात बसून परत आलो. गुरुजी, तुम्ही दाखवलेला तो प्रवास आता कुठंच जात नाही.

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. माझ्याकडे कोण येणार? बाहेरचं जाळीचं दार कुलपातच ठेवून आतलं किलकिलं केलं. माझ्याच वयाचे एक गृहस्थ, हात मोकळे. "नमस्कार. वरती नवीन आलोय, सोनिवलीहून. काम काही नाही हो. घरात कुणी नसतं, म्हटलं जरा बसावं." "थांबा हं, चावी शोधतो," असं सांगून दार लोटलं आणि परत येऊन हे लिहितोय. ते बाहेर उभे आहेत, खोकल्याचा आवाज येतोय.

चावी दारालाच आहे, गुरुजी.