सरळ मानेने हजेरी लागत नसल्याबाबत

प्रति,
मा. कार्यालय अधीक्षक,
आस्थापना शाखा.

विषय: अर्जदाराची मान पूर्ववत वाकडी न करता त्याची हजेरी नोंदवून घेण्याबाबत.

संदर्भ: विनापरवाना गैरहजेरीबद्दलचे आपले ज्ञापन, जे अर्जदारास त्याच्याच टेबलावर, कामाच्या वेळेत, समक्ष देण्यात आले.

महोदय,

१. अर्जदार अभिलेख कक्षात अभिलेखपाल आहे. नोकरीस लागला तेव्हा तो सरळ होता; लग्नाचा फोटो मागितल्यास सादर करील. परंतु कक्षातील टेबल बुटके, संगणक त्याहून बुटका आणि वरिष्ठांना हवी असलेली नस्ती नेहमी सर्वांत खालच्या कप्प्यात, यामुळे अर्जदाराचे डोके हळूहळू धडाच्या पुढे गेले. "आधी तुमचं डोकं घरात येतं, मग सावकाश तुम्ही," असे अर्जदाराची पत्नी म्हणत असे.

२. अशा अवस्थेत असताना दारावर चेहरा ओळखणारे हजेरी यंत्र बसले. नोंदणीच्या वेळी "नेहमीसारखे उभे राहा" अशी सूचना होती. अर्जदाराने ती पाळली: हनुवटी पुढे, खांदे कानांशी, नजर चष्म्यावरून. यंत्राने हाच अर्जदार म्हणून कायम केला.

३. पुढे मान इतकी दुखू लागली की रस्ता ओलांडताना मागे पाहण्यासाठी अर्जदारास अख्खे वळावे लागे. बोटांना मुंग्या येत. मुलीची लेक "आजोबा, उचला" म्हणाली की आजोबा चपला शोधू लागत. अखेर फिजिओथेरपिस्ट बाईंनी निदान केले: "काका, डोकं पुढे काढून ठेवलंत की मानेला ते कितीतरी जड होतं. कान खांद्यांच्या रेषेत आणा. गठ्ठा उचलताना कमरेतून नाही, गुडघ्यांतून वाका." अर्जदाराने निमूटपणे व्यायाम केले. मुंग्या गेल्या. नात खांद्यावर बसू लागली.

४. आणि यंत्राने अर्जदारास ओळखणे सोडले. दारावरच्या रखवालदाराने आपुलकीने सुचवले, "साहेब, आधीसारखं जरा दुखतंय असं उभं राहा बघू." अर्जदार तसा उभा राहिला. यंत्र "धन्यवाद" म्हणाले. मात्र हा उपाय रोज केल्याने मुंग्या परत आल्या आणि बाईंनी खडसावले, "काका, मी सरळ करते आणि तुम्ही रोज सकाळी कुठे जाऊन मोडून येता?" कार्यालयाचे नाव सांगण्याचे अर्जदारास तेव्हा धैर्य झाले नाही. त्या दिवसापासून त्याने वाकणे थांबवले, म्हणून तो गैरहजर आहे.

५. चेहरा नव्याने नोंदवावा, अशी विनंती अर्जदाराने संगणक शाखेस केली. ज्याची हजेरी नियमित आहे त्याचीच फेरनोंदणी होते, असे उत्तर मिळाले. वैद्यकीय रजेचा विचार केला, तर त्यासाठी दुखत असल्याचा दाखला लागतो आणि दुखत नाही. बरे झाल्याबद्दल रजा देण्याची तरतूद नियमांत आढळली नाही. दरम्यान आपण तातडीने मागवलेल्या नस्ती अर्जदाराने गैरहजर असतानाच शोधून दिल्या, हे नम्रपणे निदर्शनास आणतो.

६. याचा परिणाम इतरांवरही होत आहे. लेखापालांची पाठ अर्जदाराच्या मानेच्याही आधीपासून दुखते. पण निवृत्तीपर्यंत ती आहे तशीच सांभाळावी, असे त्यांनी ठरवले आहे. आवक-जावक पाहणाऱ्या बाईंनी व्यायाम सुरू केले होते. अर्जदाराला ज्ञापन मिळाल्याचे कळताच त्या लगबगीने पुन्हा वाकल्या.

७. सबब विनंती की, अर्जदाराचा चेहरा आहे त्या उंचीवर नोंदवून घ्यावा व गैरहजेरीमुळे सेवा खंडित करू नये. हे शक्य नसल्यास वाकून उभे राहण्याचा लेखी आदेश द्यावा. हनुवटी किती पुढे काढावी, हे त्यात स्पष्ट असावे. तसेच त्यातून होणारी वेदना कार्यालयीन समजावी की खाजगी, याचाही खुलासा असावा. खाजगी ठरल्यास ती घरी न्यावी लागेल आणि घरी नात वाट पाहत असते.

कळावे, उत्तर लवकर यावे.

आपला,
(यंत्राच्या मते अनुपस्थित)
अभिलेखपाल

दिनांक: ज्ञापन मिळाल्याचाच.

सोबत:
१) ज्ञापनाची प्रत, अर्जदाराने ते हजर राहून स्वीकारल्याच्या सहीसह.
२) फिजिओथेरपिस्ट बाईंचे पत्र. त्यातील कार्यालयाविषयीचे वाक्य कृपया वाचू नये.
३) अर्जदार, मूळ प्रत. आपल्या दालनाबाहेरील बाकावर सरळ ठेवली आहे; पडताळणी करून घरी परत पाठवावी.