आठवी बोट गेली कुठे?

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा वाकून (बोट हलते आहे, जमेल तेवढा) नमस्कार. तुझा गुडघा आणि वहिनींचा खोकला, दोन्हींना उतार असेल असं धरून चालतो. तुझी बोटही सुखरूप आहे. मधे अर्धा तास नव्हती, एवढंच.

काल, प्रवासाच्या बाविसाव्या दिवशी, आम्ही नदीच्या वळणावर बोटवाल्यांच्या मेळाव्यात सामील झालो. इथली पद्धत अशी, की काठाला फक्त पहिली बोट बांधायची. दुसरी पहिलीला, तिसरी दुसरीला. आम्ही उशिरा पोचलो, म्हणून आठवे. दोर मीच बांधला. (पार्सल खात्यात तीस वर्षं गाठी मारल्यात, माझी गाठ आजवर आपणहून सुटलेली नाही.) आता काठावर जायचं तर सात बिऱ्हाडांतून जावं लागतं. आज सकाळी हिनं मला ब्रेड आणायला पिटाळलं. सातव्या बोटीवरच्या दातांच्या डॉक्टरांनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. सहावीवर एक बाई केस धूत होत्या. त्यांनी डोळे मिटूनच टॉवेल मागितला, मी निमूटपणे दिला आणि सटकलो. पाचवीवर पुन्हा चहा.

येताना तेच उलटं. काखेत ब्रेड, पोटात पाच कप चहा. सातवी बोट ओलांडायला पाय उचलला, तर पुढे नुसतं पाणी! वाटलं, मोजण्यात चूक झाली. काठावर जाऊन पुन्हा पहिलीपासून मोजत आलो (आणखी दोन चहा). सातच. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "तुमची बोट? आत्ता तर इथेच होती." दादा, खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. बावीस दिवसांत हिनं सुकाणूला हात लावलेला नाही. (मीच लावू दिला नाही. काळजीपोटी.) ती एकटी वाहत चाललेली आणि मी ब्रेड घेऊन उभा.

अर्ध्या तासानं तुझी बोट वळणावरून परत आली आणि अलगद सातवीला टेकली. माझ्या हातून ती एकदाही अशी टेकलेली नाही. सगळ्या बोटींवरून टाळ्या. ही म्हणाली, "गाठ सुटली वाटतं." माझी गाठ? तेव्हापासून मी दोर हातात घेऊन बसलोय, पण काही उलगडा होत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. ही आता सारखी सुकाणूकडे बघते. तेव्हा "सुकाणू फक्त धाकट्यानंच धरायचं, या अटीवर बोट दिली आहे" असं तिच्या नावे लगेच लिहून पाठव. तू तसं म्हणाला नव्हतास, पण म्हणाला असतासच.

ता. क. भाऊजी, नमस्कार. हे पत्र टेबलावर उघडंच होतं, म्हणून वाचलं. गाठ सुटली नाही, मी सोडली. दोन मिनिटं लागली, पण हे ह्यांना कळवू नका. बावीस दिवस बटाटे सोलले आणि ह्यांची पाठ बघितली. आज सुकाणू हातात आलं आणि हसूच आवरेना. हे आता पोस्टाचं तिकीट आणायला गेलेत, म्हणजे सात बोटी जायला आणि सात यायला. तिकीट माझ्या पर्समध्ये होतंच. दोर सोडतेच आहे, पत्र मी पुढच्या गावात टाकते. ह्यांचा ब्रेड डॉक्टरांकडे ठेवलाय.