खाली नाव कोणाचं

जठारपेठ, अकोला

श्यामच्या बाबांना गोदाचा नमस्कार,

इथं श्यामकडे सगळे मजेत आहेत. मळ्यातली तुमची मेथी त्याच्या बाजारातल्या ओट्यावरून हातोहात जाते. तुम्ही वेळेवर जेवता ना? बीपीच्या गोळ्या संपू देऊ नका.

एक सांगायचं होतं. या बाजारात भाजीवाल्या बायांसाठी मुतारी नाही. बिचाऱ्या दिवसभर पाणी पीत नाहीत. ते मी मोबाईलवर माझ्या ब्लॉगात लिहिलं, खाली फक्त ‘एक भाजीवाली’. बायांनी एकमेकींना वाचून दाखवलं आणि गावभर झालं.

लेख आमच्या ओट्यावरून निघाल्याचं कळून परवा नगरसेवकाचा माणूस आला आणि श्यामवरच घसरला. "तूच लिहून राहिला न बे? पुसून टाक, नाही तर ओटा खाली कर."

मी म्हटलं, "त्याले कावून बोलता? मी लिहिलं."

तो हसला. "माय, तुमी मेथी निवडा. लिहिनं तुमचं काम नाही."

मेथी निवडून झाली आणि मी लेखाखाली पूर्ण नाव टाकलं: गोदाबाई नत्थुजी अंबाडकर. पुसलं एक अक्षर नाही. ओट्याची धास्ती आहेच. श्यामला जेवण गोड लागत नाही. पण आज शेजारच्या ओट्यावरच्या गंगूबाईनंही स्वतःचं नाव लेखाखाली टाकायला लावलं.

पूर्ण नाव म्हटलं की मधात तुमचं येतंच. विचारायला पाहिजे होतं, नाही विचारलं. लग्नात तुमचं नाव घेताना मी लाजली होती. यंदा नाही लाजली. तिकडं कोणी विचारलं तर तुम्हीही लाजू नका.

तुमच्या नावासकट तुमची,
गोदा