कणकेतला खड्डा

प्रिय सुरभी,

फोनवर तू रडते आणि मी फोन ठेवते, म्हणून लिहून राह्यली. चौथीपर्यंतच शिकली मी, अक्षर वाकडं आहे, निभावून घे. इथं ठीक आहे. शेत यंदा दुसऱ्याले बटईनं दिलं. कापसाले बोंडं बरी आहेत. सकाळी दोन कप चहा ओतते, एक पिते, मग दुसराही मीच पिते. रडू येत नाही. शेजारची विमलताई म्हणते, एकदा मोकळी रड वं. मी म्हटलं, माझ्या वाटचं तूच रड, मले भांडे घासायचे आहेत.

तुझं औषध कंप्युटरवर बसलं आणि काचेच्या नळीत फेल गेलं, हे समजलं. आता काम सोडून गावाकडं येते म्हणते. मले त्यातलं तेवढंच समजते, जेवढं तू नोकरीले लागली त्या दिवाळीत दाखवलं. कणकेच्या गोळ्यात बोट दाबून तू खड्डा केला. म्हणाली, फवारणीचं विष अंगात गेलं की अशा एका खड्ड्यात जाऊन घट्ट बसते आणि माणसाचा श्वास अडते. त्या खड्ड्याचा आकार पाहून, विषाले तिथून उपसून काढेल असं औषध आम्ही कंप्युटरवर शोधतो, हजारो बसवून पाहतो. झालं, तुझे बाबाच मांडी घालून बसले. तुरीचा दाणा बसवला, जवारीचा बसवला, सोयाबीनचा बसवला. म्हणे जवारी ढिली होते, सोयाबीन बरोबर बसते, लिहून घे पोरी. तू म्हणाली, बाबा, खरा खड्डा असा निवांत राहत नाही, हालते, म्हणून तर आमचं चुकते. ते म्हणे, मग धरून ठेव त्याले. दोघांनी अख्खी कणिक खराब केली. मी किती ओरडली.

त्यानंतर तुझे बाबा आर्णीच्या बाजारात, जीपमध्ये, खताच्या दुकानात, भेटेल त्याले सांगत सुटले. माझी पोरगी विषावरचं औषध शोधून राह्यली. जीपवाला त्याइले पाहून हॉर्न वाजवे आणि म्हणे, काकाजी, सापडलं का?

प्रत्येक फोनवर तू एकच विचारते, त्या फवारणीच्या दिवशी बाबांनी तोंडाले फडकं बांधलं होतं का. मी म्हणते, मले काय माहीत, मी घरी होती. घरी नव्हती मी. डबा घेऊन वावरात गेलती.

पुढच्या आठवड्यात बाबांचं वर्षश्राद्ध आहे, तू येशील. तुझे नानाजी मोठेबाबा ओसरीत बसतील आणि येईल त्याले एकच गोष्ट सांगतील. वर्षभर तेच सांगून राह्यले. त्याइचा भाऊ गेला, मी काय तोंड धरू? पण ते तुझ्या कानावर पडायच्या आधी माझ्याकडून ऐक. पंपाचा नोझल अडकला होता, तो तुझ्या बाबांनी तोंडानं फुंकून साफ केला. मी फडकं पुढं केलं. ते हसले आणि म्हणाले, कायले पाहिजे फडकं, पोरगी औषध करून राह्यली न. नानाजी कापसाच्या शेजारच्याच ओळीत होते, त्याइनं ऐकलं. ते एवढंच सांगतात, कारण त्याइले एवढंच माहीत आहे. मले पुढचं-मागचं माहीत आहे. तू झाली नव्हती तेव्हाही तुझे बाबा फडकं बांधत नव्हते. तेव्हा म्हणत, जीव गुदमरते. मग म्हणत, गरमी होते. मग म्हणत, आज वारा उलट्या बाजूनं आहे. दरवर्षी मी फडकं धुऊन वावरात नेत होती आणि दरवर्षी ते कोरडं, घडी न मोडलेलं, घरी आणत होती. त्या वर्षीचा बहाणा तू होती, एवढंच. काम सोडायचं तर सोड, पण यासाठी सोडू नको.

तुझीच,
आई